बदकाची सर्दी

१

पहिल्या बदकाचा आवाज मधल्या खटक्यावर नाकातून येत असे. त्या सकाळी तो स्वच्छ आला. गिटारच्या सगळ्या स्क्रूंवरची लाख शाबूत होती आणि काचेच्या कपाटाचे कुलूपही.

बदक हे एका इलेक्ट्रिक गिटारचे टोपणनाव. ती घडवणाऱ्या मिस्त्रींना तारा खुंट्यांपर्यंत सरळ न्यायच्या होत्या, म्हणून त्यांनी तिचे डोके लांबट आणि चपटे ठेवले. लोकांना त्यात चोच दिसली आणि नाव पडले ते पडलेच. पण खरी करामत पोटात होती. त्या काळच्या पोकळ गिटारी आवाज वाढवला की ध्वनिवर्धकासमोर कोल्हेकुई करत आणि अख्ख्या भरीव केल्या की वादकाचा खांदा मोडत. मिस्त्रींनी पोटाच्या मागच्या अर्ध्या भागात लाकडाचा ओंडका बसवला आणि पुढचा अर्धा भाग पोकळ ठेवला. तारांची थरथर टिपणारे पिकअप दोन: मागचा ओंडक्यावर, पुढचा पोकळीवर. पोकळीला बाहेरून एकच फट, तीही बारीक तारांच्या बाजूला. खटका मागे टाकला की आवाज धारदार, पुढे टाकला की भरदार, मध्ये ठेवला की दोन्ही मिळून.

कारखान्यातून पुढे निघालेल्या प्रत्येक बदकात हा मधला आवाज गोल होता. मिस्त्रींनी स्वतः जोडलेल्या पहिल्या नगात मात्र तो बारीक आणि चोंदलेला येई. वादक त्याला 'सर्दी' म्हणत. पहिले बदक ओळखण्याची तीच एक खूण सर्वांना मान्य होती.

सोमवारी प्रदर्शन उघडायचे होते. त्याच्या तालमीसाठी बोलावलेल्या वादकाला, आवाज नेहमी शेवटच्या आकड्यावर ठेवण्याच्या खोडीमुळे, सगळे गडगड्या म्हणत. त्याने खटका मध्ये टाकला, एक झंकार काढला आणि हात थांबवला.

"अहो, हिची सर्दी बरी झाली की!"

समोरच्या खुर्चीत मिस्त्रींची लेक बसली होती. गिटार तिच्या मालकीची; संग्रहालयाकडे ती केवळ सांभाळायला दिलेली. तिने पुन्हा वाजवायला सांगितले. मग तिसऱ्यांदा.

"हे बाबांचं बदक नाही," ती म्हणाली. "हे कोणाचं आणून ठेवलंत?"

शेजारी उभ्या संग्रहपालांची नजर दुरुस्तीच्या खोलीच्या उघड्या दाराकडे गेली. आत भिंतीवर, खुंटीला, दुसरे बदक टांगलेले होते.

२

ते दुसरे बदक नक्कल होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना हाताळता यावे म्हणून संग्रहालयाच्या दुरुस्ती-कारागिरानेच ते राजरोस घडवले होते. नक्कल इतकी हुबेहूब होती की कालपर्यंत तिचे कौतुक होत होते. आज तोच गुण अंगाशी आला. कपाटाची किल्ली त्याच कारागिराच्या कमरेला असे.

चौकशी संग्रहालयाच्या वाद्यशास्त्रज्ञ डॉक्टरबाईंवर सोपवण्यात आली. पदार्थविज्ञान शिकलेल्या या बाईंचे आयुष्य व्हायोलिन आणि चेलो यांच्या पोटात डोकावण्यात गेले होते. 'असं म्हणतात'ने सुरू होणारे वाक्य त्या कोणालाही पुरे करू देत नसत. बदकाच्या इतिहासावर त्या पुस्तक लिहीत होत्या आणि त्यासाठी गेल्याच महिन्यात त्यांनी बदकाच्या पोटाची जाडी मोजली होती: मापकाची दांडी फटीतून आत घालायची, बाहेर लाकडावर ठेवलेला पोलादी मणी आतल्या टोकामागे निमूट फिरतो, आणि लाकडाला ओरखडाही न पडता माप मिळते.

"एक अडचण आहे," संग्रहपाल चाचरत म्हणाले. "कारागीर तुमचे दीर. तुम्ही नको म्हणालात तरी मी समजून घेईन."

"नातं हा पुरावा नसतो. बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडले.

दुरुस्तीच्या खोलीत सरसाचा वास होता. दीर लाकडाला कागद घासत होते. नवरा गेल्यापासून डॉक्टरबाईंच्या घरचा गळका नळ, अडलेले कुलूप, फुगलेले दार, सारे याच हातांनी पाहिले होते. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आवाज सपाट केला.

"तालमीआधी कपाट शेवटचं आपणच उघडलं होतं?"

दिरांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिले. "आपण? म्हणजे तुम्ही आणि मी, का नुसता मी?"

"चेष्टा नको, भाऊजी. ही चौकशी आहे."

"बरं. मग उत्तर घ्या. आपण उघडलं. त्यानंतर कोणी नाही."

आपल्याच औपचारिकपणाची ते टवाळी करत आहेत, असे डॉक्टरबाईंना वाटले. "म्हणजे आपणच शेवटचे. गेल्या महिन्यात मी मोजमाप घेतलं तेव्हा गिटार ठीक होती. जे झालं ते त्यानंतर. आणि किल्ली आपल्याकडे."

"वहिनी, माझ्या हातनं झालं असं वाटतंय तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही. निकाल लागेपर्यंत किल्ल्या माझ्याकडे द्या."

त्यांनी जुडगा काढून टेबलावर ठेवला. हातात दिला नाही. संध्याकाळी जावेचा फोन आला. "ताई, मी काही शिकलेली नाही," ती म्हणाली, "पण चोराला जेवू घालून मग हातकड्या घालतात म्हणे. तुम्ही तर आमच्याकडे जेवून गेलात आणि मग घातल्यात." आणि फोन ठेवला.

सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर संग्रहपाल पोलिसांत जाणार होते. त्यांच्या तक्रारीत एकच नाव होते.

३

डॉक्टरबाईंनी आधी सोपा प्रश्न घेतला: गिटार तीच आहे की नाही?

दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आणि बारीक दिवा त्यांनी फटीतून आत सरकवला. पोकळीच्या पाठीला एक गाठ होती. तिच्याभोवती लाकडाच्या रेषा पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या वळत होत्या. ओंडक्याच्या कडेला मिस्त्रींच्या घाईने ओघळलेला सरस वाळून अश्रूसारखा लोंबत होता. सरसाची नक्कल करता येईल. झाडाच्या गाठीची कोणी करू शकत नाही. महिन्यापूर्वी याच आरशात त्यांनी हीच गाठ पाहिली होती.

गिटार तीच होती. अदलाबदल झालेली नव्हती.

त्यांना हायसे वाटले आणि त्या वाटण्याचा लगेच रागही आला. संग्रहपालांनी तर तेवढीही सवड दिली नाही.

"म्हणजे अख्खी नाही, आतला पिकअपच बदलला. मूळ माल काढून घेतला आणि नवा बसवला. कारागिराला काय अवघड आहे?"

"लाख?"

"लाख वितळते, डॉक्टरबाई. पुन्हा लावता येते."

डॉक्टरबाईंनी भिंग लावले. प्रत्येक स्क्रूवरच्या लाखेत एक ठसा होता: मिस्त्रींच्या अंगठीचा. वस्तू स्वाधीन करताना लेकीनेच तो उमटवला होता, 'बाबांची गिटार कोणी उघडायची नाही' या अटीसह. ठसे सगळे सुबक, एकही दुबार उठलेला नव्हता. दिरांकडे लाख होती, हत्यारे होती, कसब होते. अंगठी नव्हती.

अंगठी लेकीच्या बोटात होती.

४

"मी?" लेक हसली. हसू चांगले नव्हते. "माझ्याच वडिलांच्या गिटारची मी वाट लावीन?"

"संग्रहालयाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर करार मोडतो. गिटार तुम्हाला परत मिळते."

"परत हवी असती तर मागितली असती. मागायला मला कोणाची चोरी आहे?" ती खिडकीशी गेली. तिचे घर लहान होते. एका भिंतीवर गिटारच्या आकाराचा, उन्हाने न विटलेला रंगाचा पट्टा होता. "तुम्ही पुस्तकात काय लिहिणार आहात, मला माहितीये. ती सर्दी म्हणजे बाबांची चूक, असंच ना?"

"एक पिकअप उलटा चुंबकला गेला, की मधला आवाज पोकळ येतो. कारखान्यानं पुढं तो सुलटा केला. मिस्त्रींनी मुद्दाम केलं असल्याचा पुरावा नाही."

"पुरावा! बाबा जेवायच्या आधी तोच खटका लावून वाजवायचे. आई म्हणायची, झालं, तुमच्या बाबांचं नाक वाजलं, ताटं घ्या. चुकून झालं असेल सुरुवातीला. पण जन्मभर ठेवलं ते चुकून नाही ठेवलं."

डॉक्टरबाईंच्या शास्त्रात या वाक्यासाठी जागा नव्हती, आणि ते खोटेही वाटत नव्हते.

"तुमच्या दिरांवर आळ आहे असं कळलं," लेक म्हणाली. "कधी झालं म्हणता हे?"

"माझ्या मोजमापानंतर. तोवर गिटार ठीक होती."

"तुम्ही वाजवून पाहिली होती?"

डॉक्टरबाईंनी ती वाजवून पाहिली नव्हती. जाडी मोजायला आवाज लागत नाही. गिटार संग्रहालयात आली त्या दिवसानंतर ती कोणीच वाजवली नव्हती. ज्या एका गोष्टीला त्या पहिल्या दिवसापासून पुरावा मानत होत्या, ती गोष्ट म्हणजे केवळ त्यांचा स्वतःवरचा विश्वास होता.

५

गडगड्याला त्यांनी पुन्हा बोलावले. त्याच्या ध्वनिवर्धकात मोठे चुंबक होते, आणि तसले चुंबक जवळ आले तर पिकअपची दिशा उलटू शकते. संशयाला तेवढे पुरेसे होते.

"मी टेकवली नाही हो त्याला," तो कळवळून म्हणाला. "आणि हिचं नाक मी पहिल्याच झंकाराला ऐकलं की. गेलेलं होतं. आता एक सांगू? वेड्यात काढू नका."

"सांगा."

"पूर्ण नाही गेली सर्दी. ही बघा." त्याने खटका मध्ये ठेवून तारा एकेक करून छेडल्या. पाच तारा गोल वाजल्या. सर्वांत जाड तार बारीक, चोंदलेली वाजली. "एवढी एक अजून शिंकतेय."

तो गेल्यावर डॉक्टरबाईंनी टेबलावर लहानसे होकायंत्र घेतले. पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक चुंबकी कांडी असते आणि त्या कांड्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. पहिल्या बदकाच्या दोन पिकअपांतल्या कांड्या एकमेकींच्या उलट दिशेच्या असायला हव्या होत्या. सर्दीचे कारण तेच. मागच्या पिकअपवर सुई जिकडे वळली, पुढच्या पिकअपच्या पाच कांड्यांवरही ती तिकडेच वळली. जाड तारेच्या कांडीवर ती गर्रकन उलटी फिरली.

पिकअप बदललेला नव्हता. कोणी काही उघडलेही नव्हते. बंद पिकअपच्या आत पाच चुंबके उलटली होती आणि एक जुन्या दिशेने तसेच राहिले होते.

मुद्दाम करणारा एक कांडी सोडत नाही. तेव्हा हा अपघात. ध्वनिवर्धकाने झाले असते तर मागचा पिकअपही सुटला नसता. म्हणजे चुंबक फक्त पुढच्यापर्यंत पोचले, आणि तिथेही जाड तारेपर्यंत पोचले नाही. मागचा पिकअप ओंडक्यावर, पुढचा पोकळीवर. फट बारीक तारांच्या बाजूला. चुंबक बाहेरून आलेच नव्हते. ते पोटातून, फटीच्या बाजूने आले होते आणि त्याची पोच शेवटच्या कांडीआधी संपली होती.

इथे त्यांनी थांबायला हवे होते. थांबल्या असत्या तर उत्तर समोरच होते. पण प्रयोगाशिवाय विधान करायचे नाही, ही आयुष्यभराची सवय. दुरुस्तीच्या खोलीतून त्यांनी त्याच जातीचा एक निकामी पिकअप आणला आणि त्याच्या कांड्यांची दिशा होकायंत्रावर पाहून ठेवली. आधी चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला, कांड्या ढिम्म. अधिक बळाचे चुंबक हवे होते. त्यांनी सवयीने आपली पिशवी उघडली, मापकाची दांडी काढली आणि तिच्या टोकाचे, बोटाच्या पेराएवढे चुंबक पिकअपच्या तळाशी नेले.

पहिल्यांदा पिकअपने ते किंचित मागे ढकलले. मग ते स्वतःच झेपावले.

टक.

तो आवाज कानांआधी हाताने ओळखला. महिन्यापूर्वी फटीतून आत घातलेली दांडी अशीच कशालातरी चिकटली होती. आतल्या एखाद्या स्क्रूला लागली असेल, असे म्हणून त्यांनी ती हिसकली नव्हती. जुन्या वाद्याच्या पोटात काही अडकले तर ओढायचे नाही, हळूच बाजूला सरकवत सोडवायचे: व्हायोलिनवाल्यांचा हा पहिला धडा. त्यांनी ती सावकाश, प्रेमाने, कांड्यांच्या रांगेवरून सरकवत बाहेर घेतली होती. व्हायोलिनच्या पोटात चुंबकाने बिघडेल असे काही नसते. इथे होते, आणि तेच या वाद्याचे मर्म होते. पुस्तकात त्यावर त्यांनी अख्खे प्रकरण लिहिले होते.

त्या वेळी समोर दिवा धरून भाऊजी उभे होते. कपाट त्यांनीच उघडले होते, बाईंच्या सांगण्यावरून. *आपण उघडलं. त्यानंतर कोणी नाही.* ती टवाळी नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचे ते अचूक उत्तर होते, आणि चौकशी करणारीने 'आपण' या शब्दातून स्वतःला वगळून ते ऐकले होते.

डॉक्टरबाईंनी होकायंत्र निकामी पिकअपवर धरले. सुई थोडा वेळ डोलली. पण ठरली ती उलटीच.

कोणी पाहिलेले नव्हते. दांडी पुन्हा पिशवीत गेली असती तर प्रकरण 'कारण अज्ञात' म्हणून मिटले असते. दीर सुटले असते. निर्दोष म्हणून नव्हे, संशयाचा फायदा म्हणून. हा विचार त्यांनी केला. तो किती सहज आला, याचीच त्यांना अधिक भीती वाटली.

६

दार जावेने उघडले. 'या' म्हटले नाही, पण बाजूला झाली.

दीर स्वयंपाकघरात कपाचा तुटका कान चिकटवत होते.

"भाऊजी, कोणी केलं ते सापडलं."

"कोणी?"

"मी."

त्यांनी सगळे ऐकून घेतले: दांडी, चुंबक, सरकवणे. मध्ये एकदाच हसल्यासारखे केले. "आणि दिवा माझ्या हातात! साथीदार झालो की मी."

"माझी चूक झाली."

"चुंबकाचं काय घेऊन बसलात? माझ्या हातनं काय कमी वाद्यं बिघडलीत? एकदा तर सारंगीवर बसलो होतो मी." कप खाली ठेवून त्यांनी बोटांवरचा डिंक पुसला. "तुम्ही मला 'आपण' म्हणालात, वहिनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याला काय लावून चिकटवू?"

डॉक्टरबाईंनी जुडगा पुढे केला.

"तिथंच ठेवा," दीर म्हणाले. "सोमवारी येईन की नाही, आज सांगत नाही."

जावेने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी संग्रहपालांच्या खोलीत लेकही होती. सारा वृत्तान्त ऐकून संग्रहपालांनी दार लावून घेतले.

"डॉक्टरबाई, तुमचं नाव, संस्थेचं नाव... आपण असं म्हणू की जुन्या वस्तूत कालपरत्वे बदल होतो. कोणालाच दोष नको."

"लाकडात होतो. चुंबक कालपरत्वे उलटत नाही. खोटंच लिहायचं असेल तर निदान पदार्थविज्ञानात बसेल असं लिहा. आणि कोणालाच दोष नको कसा? पाच दिवस एकाच्या माथी तो होताच की."

लेक पुढे झुकली. "परत उलटं नाही का करता येणार? त्याच चुंबकानं?"

"येईल. सर्दी परत येईल." डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहून बोलायचा प्रयत्न केला, तो पुरता जमला नाही. "पण त्या कांड्यांत मुळात किती बळ होतं, ते कोणी मोजून ठेवलं नव्हतं. मीही नाही, मी फक्त लाकूड मोजलं. परत येईल तो आवाज तुमच्या बाबांचा असेल की माझा, हे मी सांगू शकणार नाही. दुसरं कोणीही नाही."

लेकीने बोटातली अंगठी फिरवली. "मग राहू दे," ती म्हणाली. "एक तार आहे ना अजून."

गिटारशेजारी लावायचा मजकूर डॉक्टरबाईंनी तिथेच लिहून दिला. संग्रहपालांनी तो दोनदा वाचला आणि एकही शब्द न बदलता छापायला पाठवला:

'या गिटारचा मधल्या खटक्यावरचा मूळ आवाज बदललेला आहे. कारण: पोकळीची जाडी मोजताना मापकाचे चुंबक पुढच्या पिकअपच्या तळाला लागले आणि सहापैकी पाच कांड्यांची दिशा उलटली. मोजमाप या संग्रहालयाच्या वाद्यशास्त्रज्ञांनी स्वतः घेतले. मापक वाद्याजवळ नेण्याआधी त्यात चुंबके आहेत हे त्यांना माहीत होते. दुरुस्ती-कारागिराचा या घटनेशी कोणताही संबंध नाही.'